मधलाच व्होल्टेज दिसला म्हणून आयसी बदलू नका

५ व्होल्टवर चालणाऱ्या डिजिटल सर्किटमध्ये आउटपुट एकतर लो (०च्या जवळ) किंवा हाय (५ व्होल्टकडे) असायला हवं. म्हणून मधला आकडा दिसला की "आउटपुटवर २ व्होल्टच्या आसपास दिसतंय, म्हणजे गेट (आयसीतला हाय-लो ठरवणारा घटक) उडालं" असं म्हटलं जातं, पण हा निष्कर्ष घाईचा वाटतो. मल्टिमीटर डीसीवर सरासरी दाखवतो, त्यामुळे ० ते ५ व्होल्टमध्ये समान वेळ वरखाली होणारा क्लॉक सिग्नलही २.५ दाखवेल. आधी क्लॉक थांबवा, मग मोजा. तरीही मधलाच आकडा आला, तर १ किलोओहमचा रोधक घेऊन ती जागा त्यातून आधी ग्राउंडला, मग ५ व्होल्टला जोडून पाहा. व्होल्टेज दोन्ही वेळा जवळजवळ टोकापर्यंत गेला, तर त्या जागेला कोणत्याच आउटपुटचा व्होल्टेज मिळत नाही: वायर तुटली आहे किंवा ब्रेडबोर्डची (सोल्डर न करता जोडणी करायच्या पाटीची) पकड सैल आहे. जेमतेम हलला आणि आयसी गरम लागतोय, तर दोन आउटपुट एकमेकांना भिडली असण्याची शक्यता जास्त. १० किलोओहम इथे चालत नाही, कारण एलएस कुटुंबाच्या (७४एलएस नावाच्या आयसींच्या) इनपुटमधून ०.४ मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह बाहेर येतो आणि तो एवढ्या मोठ्या रोधकातून जाताना ती जागा ग्राउंडच्या जवळ येऊ देत नाही.

अजून एक दोष फार फसवा आहे. सीमॉस आयसीचा (७४एचसी हा असाच प्रकार) पुरवठा सुटला तरी हाय असलेल्या इनपुटच्या संरक्षक डायोडमधून त्याला वीज मिळते आणि तो अर्धवट चालतो. सगळी इनपुट लो झाली की मात्र गडबडतो. म्हणून पुरवठा ब्रेडबोर्डच्या पट्टीवर नको, थेट आयसीच्या पायावर मोजा (७४एचसी००ला १४ आणि ७). तिथे ५ऐवजी ४.३-४.५ दिसले, तर पिन १४ची जोडणी तपासा.