क्रेमरच्या पद्धतीत चिन्हं उलटी येतात, चुकतंय कुठे?

निळी सुई

नमस्कार. लेक दहावीत आहे, राज्य मंडळ, मराठी माध्यम. माझं शिलाईचं काम रात्री नऊला उरकतं, मग आम्ही दोघी कटिंगच्या टेबलावर गणित घेऊन बसतो. पुस्तकात चलांना इंग्रजी अक्षरं आहेत, मी इथे आमच्या वेळचे क्ष आणि य लिहिते.

गणित असं:
५क्ष = ३य + ९
२क्ष + ३य − १२ = ०

क्रेमरच्या पद्धतीने सोडवायचं आहे, म्हणजे समीकरणांतल्या संख्यांचे निश्चयक (तिरक्या गुणाकारांची वजाबाकी) काढून त्यांच्या भागाकाराने क्ष आणि य मिळवायचे. तिने पहिलं समीकरण सामान्य रूपात आणलं, ५क्ष − ३य − ९ = ०. दुसरं तसंच होतं. मग 'क'च्या, म्हणजे चल नसलेल्या सुट्या संख्येच्या जागी −९ आणि −१२ घेतले. मुख्य निश्चयक २१, आणि उत्तर आलं क्ष = −३, य = −२. मी साध्या रीतीने बेरीज करून पाहिलं: ७क्ष = २१, म्हणजे क्ष = ३, य = २. आकडे तेच, चिन्हं उलटी! तिने तीनदा खोडून पुन्हा केलं, वहीचं पान तिथे विरलंय. निश्चयकांचे गुणाकार मी स्वतः तपासले, बरोबर आहेत. आता ती म्हणते, क्रेमर सोडूनच देते. मला ते नको आहे. कोणी सांगेल का?

खडूफळा

ताई, लेकीचे गुणाकार बरोबर आहेत हे आधी तिला सांगा. चूक निश्चयक मांडायच्या आधीच्या ओळीत आहे.

'क' हे एकच अक्षर पुस्तकात दोन वेगळ्या जागी येतं. सामान्य रूप अ·क्ष + ब·य + क = ०, इथे क डावीकडे. क्रेमरचे निश्चयक मात्र अ·क्ष + ब·य = क या रूपावरून काढलेले आहेत, इथे क एकटा उजवीकडे. तिने पहिल्या रूपातला क उचलून दुसऱ्याच्या सूत्रात घातला. मी २९ वर्षं दहावीला शिकवलं, हुशार मुलंही नेमकी इथेच अडकतात. क्रेमरने १७५० साली ही रीत छापली तेव्हाही ज्ञात संख्या एकटी एका बाजूला आणि अज्ञातं सगळी दुसऱ्या बाजूला अशीच मांडणी केली होती.

म्हणून निश्चयकाला हात लावण्याआधी हे दोन लिहून चौकटीत ठेवायचे:
५क्ष − ३य = ९
२क्ष + ३य = १२

मुख्य निश्चयक: ५×३ − २×(−३) = २१
क्षचा (५, २ च्या स्तंभाच्या जागी ९, १२): ९×३ − १२×(−३) = ६३
यचा (−३, ३ च्या स्तंभाच्या जागी ९, १२): ५×१२ − २×९ = ४२
क्ष = ६३ ÷ २१ = ३, य = ४२ ÷ २१ = २.

आता चिन्हंच का उलटली ते बघा, मला हे फार आवडतं. मुख्य निश्चयकात क येतच नाही, म्हणून २१ तसाच राहिला. बाकी दोन्हीत क-चा अख्खा स्तंभ उलट्या चिन्हाचा झाला, म्हणून ६३चे −६३ आणि ४२चे −४२. तिने फक्त दुसऱ्याच समीकरणात ही चूक केली असती तर क्ष = −३/७, य = −२६/७ असं काहीतरी आलं असतं आणि चूक शोधणं अवघड गेलं असतं.

बारावी_ब

काकू, अजून दोन ठिकाणी मी मार खाल्लाय. प्रश्नात ३य + २क्ष = १२ असं उलट्या क्रमाने दिलं की घाईत अ = ३ घेतला जातो. आधी क्ष, मग य, असं लिहून घ्यायचं. आणि नुसतं क्ष = ५ असेल तर १क्ष + ०य = ५ लिहायचं, तो शून्य निश्चयकात लागतो.

निळी सुई

सर, जमलं! अस्तराच्या काळ्या कापडावर मार्किंगच्या खडूने दोन्ही रूपं एकाखाली एक लिहिली आणि 'क'भोवती गोल केला. तो गोल डावीकडून उजवीकडे गेलेला दिसला तशी तीच म्हणाली, "अगं आई, मी याला हलवलंच नव्हतं."

पुढचं क्ष/३ = २ − य/४ आहे. १२ने गुणून तिने ४क्ष = २ − ३य केलं. मला काहीतरी राहिल्यासारखं वाटतंय.

खडूफळा

बरोबर वाटतंय तुम्हाला. छेद नाही म्हणून बिचारा २ गुणायचा राहिला. प्रत्येक पदाला १२: ४क्ष = २४ − ३य, म्हणजे ४क्ष + ३य = २४. पडताळा असा घ्यायला सांगा: मूळ समीकरणात क्ष = ३ घातला की १ = २ − य/४, म्हणजे य = ४. हीच जोडी नव्या रूपात बसली पाहिजे.

निळी सुई

१२ + १२ = २४. बसली. तिच्या आधीच्या ओळीत घातली तर १२ = २ − १२ येतंय, तिने ती ओळ स्वतःच खोडली. आता पुढचं मला करू देत नाहीये.