अनुभव धागा: घरखर्चात 'दुसऱ्याचं' पाकीट असतं का तुमच्याकडे?

मुनीमपुत्र
लेकीचा पहिला पगार झाला. काल रात्री एक्सेल उघडून बसली होती: भाडं, एसआयपी, विमा, फिरणं. मधेच विचारते, "बाबा, दान कशात धरू? खर्चात का गुंतवणुकीत?" उत्तर सुचलं नाही. नागपूरच्या महाल भागातलं आमचं दोन खोल्यांचं घर मात्र आठवलं.

वडील कॉटन मार्केटला एका अडत्याकडे मुनीम होते. पगार झाला की खाकी पाकिटं घेऊन बसायचे. आलेल्या टपालाचीच, उलटी करून पुन्हा चिकटवलेली. भाडं, किराणा, दूध, फी. एकावर निळ्या शाईत 'दुसऱ्याचं'. त्यात १५ रुपये, आणि ते सगळ्यात आधी. उन्हाळ्यात पाणपोईच्या रांजणाला, पावसाळ्यात कोणाच्या फुटक्या कवेलूंना, एकदा तर शेजारच्या पोराच्या चष्म्याला.

आठवीत असताना मी त्यातले ५ रुपये उचलून पिक्चर पाहिला. बाबा ओरडले नाहीत. पाकिटावर लिहिलं, 'उसने ५, चिरंजीव'. पाच महिने ते तसंच. दर पगाराला पाकीट निघायचं आणि मी खाली पाहायचो. संक्रांतीला पतंगीच्या पैशातून फेडले तेव्हा त्यांनी ते खोडलं, एका रेघेनं, खालचं वाचता येईल असं.

तुमच्याकडे काय पद्धत होती, आहे? लिहा.

संत्राबर्फी
मूठ तांदूळ!! कुकर लावायच्या आधी एक मूठ पितळी डब्यात. सासूबाईंचा नेम. महिन्याला दीड-दोन किलो होतात, कोणाला तरी जातात. लॉकडाऊनमध्ये ह्यांचा पगार अर्ध्यावर आला तेव्हा मी तो डबा आपल्याच घरात रिता केला, आणि रडू आलं. सासूबाई म्हणे, "काहून रडते वं? या महिन्यात दुसरे आपणच." थांबा, कुकर होऊन राहिला, नंतर लिहिते.

बुटीबोरी_नाईटशिफ्ट
सगळे गोड लिहून राहिले म्हणून मी कडू लिहितो. मले 'नाही' म्हणता येत नव्हतं. मावसभाऊ, मित्र, मंडळाची वर्गणी. वर्गणीवाल्यांनी तर पावतीवर आकडा आधीच टाकून आणला होता, ५००१. क्रेडिट कार्डावरून पैसे काढून दिले आन् दोन वर्षं व्याज भरत बसलो. आता आधी सहा महिन्यांचा खर्च एफडीत, मग दान. परत न आलेली उसनवारी मी दानातच धरतो. त्या हिशोबानं मी लई मोठा दानशूर निघतो बावा.

नोनसेन्सगपूर
५००१ मधला तो १ कशाचा रे भाऊ? जीएसटी?

फुकटसल्ला
मुनीमपुत्र, लेकीला सांगा: नव्या कररचनेत दानावर वजावट मिळत नाही. जुनीत असेल तर २००० च्या वर रोख देऊ नये, वजावट जाते. यूपीआय किंवा चेकनं द्यावं आणि संस्थेकडून दानाचं रीतसर प्रमाणपत्र मागून घ्यावं, नुसती पावती पुरत नाही. आणि कुठं ५० टक्के मिळते, कुठं १००, हे देण्याआधी विचारावं. माझे निम्मे अशील नवीन रचनेत गेल्यावर देणं बंद करून मोकळे झाले. पाणपोईच्या रांजणाला कोण प्रमाणपत्र देते, सांगा.

गल्ली_नंबर_चार
जय भीम. आमची १८ घरं. घरामागे महिन्याला २००, अगदी भिशीसारखे, फक्त नंबर कोणाचाच लागत नाही. वर्षाचे ४३,२०० विजयादशमीला दीक्षाभूमीच्या रस्त्यावर जेवणात. पहाटे तीनला आम्ही कांदे कापायला बसतो, कारण रात्रीच्या गाड्यांनी आलेली माणसं उजाडायच्या आधीच चालत निघालेली असतात. माझे आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला असेच चालत आले होते, भाकरी फडक्यात बांधून.

मागच्या खेपेला एक आजी जेवली आणि पदराची गाठ सोडून १० रुपये द्यायला लागली. नको म्हटलं तर भडकली. "फुकट जेवाले नाई आली मी. पुढच्याले घाला." घेतले. वहीत जमा बाजूला लिहिले, नाव विचारायचं राहिलं.

संत्राबर्फी
गल्ली_नंबर_चार, ❤️. यंदा कांदे कापायला येऊ का?

गल्ली_नंबर_चार
ताई, या. सुरी आपली आणा. तेवढीच कमी पडते.

ताजबागवाला
आमच्यात हा हिशोब ऐच्छिक नाहीच. वर्षभर टिकलेल्या बचतीवर अडीच टक्के जकात. किमान मर्यादा साडेसात तोळे सोनं नाहीतर साडेबावन्न तोळे चांदी. अम्मी रमजानच्या आधी दागिने काढून बसायची आणि मला तराजूकडे पाठवायची. आता सोन्याचा भाव असा चढला की तेच कंगन, तीच बायको, जकात मात्र दुप्पट. बायको म्हणते दागिने तुम्ही केले, जकात तुम्हीच भरा.

नोनसेन्सगपूर
वहिनी बरोबर आहेत.

रात्रपाळीची_मुलगी
मी जास्त लिहीत नाही. २०१४ मध्ये आईसोबत मेडिकल हॉस्पिटलला २३ दिवस होते, वॉर्डाबाहेर सतरंजीवर. संध्याकाळी एक काका स्कूटरवर डबा बांधून यायचे. खिचडी, वरून लिंबाची फोड. नातेवाइकांना वाढून निघून जायचे, एक शब्द नाही. आई गेली त्या दिवशी मी खाल्ली नाही, तर त्यांनी माझा वाटा पानात बांधून सतरंजीवर ठेवला. आता माझं आरडी आहे, महिना ५००. आईच्या तिथीला मोडते आणि खिचडीच करते. लिंबू विसरत नाही.

मुनीमपुत्र
रात्रपाळीची_मुलगी, वाचलं, काय लिहू कळेना.
फुकटसल्ला, लेकीला दाखवलं. ती म्हणे मी नवीन रचनेतच आहे, म्हणजे आता विचारायचंच काम नाही, देऊन टाकते. एक्सेलमधला दानाचा खाना मात्र अजून ठरला नाही, 'इतर'मध्ये पडून आहे.

बुटीबोरी_नाईटशिफ्ट
आन् ते ५ रुपयांचं पिक्चर कसं होतं?

मुनीमपुत्र
इंटरवलला उठलो. भीती वाटली, बाबा पाकीट मोजत असतील.

फुकटसल्ला
संत्राबर्फी, कुकरचं काय झालं?

संत्राबर्फी
तुमच्या नादात सहा शिट्ट्या. वरणाचा लगदा झाला. सासूबाई डब्याकडे पाहून राहिल्या.