मदत हवी आहे: टॅलीतून ई-पेमेंट, आधी काय तयारी लागते?
नमस्कार मंडळी. सांगली मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब बघतो. शेतकऱ्यांची पट्टी (विकलेल्या मालाची हिशेबाची रक्कम) चेकऐवजी टॅली प्राइम या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून थेट खात्यावर पाठवायचीय. सध्या प्रत्येक लेजरला (टॅलीतलं पार्टीचं खातं) बँकेचा खाते नंबर, आयएफएससी (बँक शाखेचा कोड) भरतोय. या कोडात पाचवं अक्षर शून्य, पण चिठ्ठीवर बहुतेकांनी इंग्रजी ओ लिहिलाय! विलीन झालेल्या बँकांचे जुने कोड ही वेगळीच कटकट.

एनईएफटी की आरटीजीएस (2 लाखांपासून पुढे) हे पार्टीच्या लेजरलाच ठरवून ठेवता की व्हाउचरच्या वेळी? पेमेंट फाइल बँकेच्या पोर्टलवर चढवायला मेकर (फाइल भरणारा) आणि चेकर (तपासून मंजूर करणारा) कोणाला केलंत? मालकांनीच चेकर व्हावं असं मला वाटतं. आणि पट्टी वडलांच्या नावावर, खातं मुलाचं, तिथं काय करता? कोणी चालू केलं असेल तर सांगा, प्लीज.