आईला गाठ आहे, सर्जन बायोप्सी म्हणतायत आणि मामा नको म्हणतोय

मिरजकर_८८:
आई ५६ ची. डाव्या ब्रेस्टमध्ये काखेकडे गाठ लागतेय, दुखत नाही म्हणून कुणाला बोललीच नाही. मॅमोग्राफीत बायरॅड्स (कॅन्सरचा संशय किती ते सांगणारा आकडा) ४ आलंय. सर्जन म्हणाले सुईची बायोप्सी करू, पण मामा अडून बसलाय की सुई लावली की कॅन्सर अंगभर पसरतो, सरळ गाठच काढा, आणि आता आईपण तेच म्हणायला लागलीये. आमच्यात कुणालाच कॅन्सर नव्हता, मग हिला कसा होईल?

स्लाइडवाली:
पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे म्हणून सांगते. ४ म्हणजे कॅन्सर आहेच असं नाही, संशय आहे, आणि तो २ टक्क्यांपासून ९५ टक्क्यांपर्यंत कितीही असू शकतो, रिपोर्टवर ४ए, ४बी का ४सी ते बघा. सुईने पसरत नाही. उलट आधी गाठ काढली आणि मग कॅन्सर निघाला की कडेला राहिलेलं आणि काखेतल्या लसिका ग्रंथी (लिम्फ नोड) यांसाठी परत टेबलवर घेतात, अशा केसेस येतात आमच्याकडे. कोअर बायोप्सीच करा, म्हणजे जाड सुईने तुकडा काढतात ती; एफएनएसीत, म्हणजे बारीक सुईच्या तपासणीत, नुसत्या पेशी येतात, तुकडा येत नाही. कॅन्सर निघाला तर त्याच तुकड्यावर ईआर, पीआर (कॅन्सर हॉर्मोनवर वाढतो का) आणि हर-टू (एका प्रोटीनची तपासणी) करतात आणि आधी किमो का आधी ऑपरेशन हे ठरवायला ते लागतं. आणि हो, ब्लॉक (मेणात ठेवलेला तुकडा) आणि स्लाइड्स (तपासलेल्या काचा) मागून घ्या, पुढे टाटाला वगैरे गेलात तर पहिलं तेच मागतात, लोक नुसती फाईल घेऊन परळला पोचतात.

गोदाकाठ:
माझ्या मावशीची बायोप्सी केल्यावर चार दिवसांत गाठ दुप्पट झाली, डोळ्यांनी बघितलंय, काय ते म्हणा.

स्लाइडवाली:
चार दिवसांत कॅन्सर दुप्पट होत नाही हो, सुईच्या जागी रक्त साकळून सूज येते, ती उतरते.

सुमनमावशी:
अरे बाळा, माझ्याही घरात कुणाला नव्हता, तरी २०१७ ला मला झाला. आई किंवा वडिलांकडून आलेल्या बिघडलेल्या जीनमुळे (बीआरसीए वगैरे) होणारे १०० त ५-१० च, बाकी वय वाढलं, पाळी गेल्यावर वजन वाढलं, असं बरंच काही असतं आणि पुष्कळदा कारण सापडतच नाही. माझी नुसती गाठ काढली, ब्रेस्ट ठेवला, मग रेडिएशन. ईआर पॉझिटिव्ह म्हणून गोळी चालू केली, त्या गोळीनं गरम वाफा यायच्या, वैताग नुसता. खर्चाचं म्हणशील तर महात्मा फुले योजनेत कॅन्सर बसतो, हॉस्पिटलात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या माणसाला, भेट. मामाला घरी समजावत बसू नकोस, सर्जनपुढेच नेऊन बसव.

मिरजकर_८८:
मंगळवारी नेतोय, मामालापण. आई रक्त पातळ करायची गोळी घेते, बंद करू का आधी?

स्लाइडवाली:
मनानं अजिबात नको. आजच फोन करून सर्जनला सांगा, ते आणि हार्टवाले मिळून ठरवतील.