प्रश्न निवेदकाचा नाही, यादी कुणाच्या हातात आहे याचा आहे

'रेडिओवरचे निवेदक आळशी झालेत म्हणून तीच तीच गाणी लागतात' हे मत पटलं नाही. बहुतेक व्यावसायिक रेडिओ केंद्रांवर गाणं निवडणं निवेदकाच्या हातात उरलेलंच नाही. साखळीतल्या केंद्रांची यादी तर बऱ्याचदा मुख्यालयातूनच येते.

गणित बघा. यादीतल्या सर्वाधिक वाजणाऱ्या गटात ६ गाणी असतील आणि तासाला त्यातली २ लावायची असतील, तर प्रत्येक गाणं दर ३ तासांनी, म्हणजे दिवसाला ८ वेळा लागतं. शिवाय २४ला ३ने पूर्ण भाग जातो, म्हणून रोज त्याच तासाला तेच गाणं! ७ गाणी ठेवली की फेरी साडेतीन तासांची होते आणि वेळ रोज सरकते. एका गाण्याने एवढा फरक पडतो.

पण नवं गाणं आत येणार कसं? श्रोत्यांना ५-१० सेकंदांचा तुकडा ऐकवून कौल घेतात. त्यात ओळखीची चालच जिंकते. हळूहळू उलगडणारं गाणं तिथेच बाद होतं. हे मला सगळ्यात वाईट वाटतं.

अमेरिकेत १९९६च्या कायद्याने एका मालकाकडच्या रेडिओ केंद्रांच्या संख्येवरची देशव्यापी मर्यादा काढली. क्लिअर चॅनेल या कंपनीकडे पुढे हजाराहून जास्त केंद्रं जमा झाली. मग एकाच निवेदकाचं आधी ध्वनिमुद्रित केलेलं बोलणं अनेक शहरांत वाजू लागलं. अशा कार्यक्रमात श्रोत्याने फोन करून फर्माईश केली, तरी ती घ्यायला स्टुडिओत कुणी नसतं.