मदत हवी आहे: स्टेन्सिल उचललं की रंगाचं डबकं, आणि 'ब'चं पोट गळून पडतंय

रंगारी_नवखी

मंडळी, गेले दोन महिने मिक्स्ड मीडियाच्या (एकाच चित्रात रंग, कागद, शाई असं सगळं वापरायच्या) नादी लागले आहे आणि आता रडकुंडीला आले आहे. व्हिडिओत सगळ्यांचं स्टेन्सिल उचललं की खाली रेखीव नक्षी. माझं उचललं की डबकं.

काय केलं ते सविस्तर सांगते, म्हणजे चूक पकडायला बरं पडेल. १२ इंची चौकोनी एमडीएफ बोर्ड घेतला, जेसोचे (रंगाखाली देतात त्या पांढऱ्या अस्तराचे) दोन हात दिले. वाळल्यावर जुन्या पुस्तकाची पानं वेडीवाकडी फाडून चिकटवली, वरून पातळ जेसो, म्हणजे अक्षरं अर्धवट दिसतील. इथवर बोर्ड इतका छान दिसत होता की तिथेच हात आवरायला हवा होता. मग वेलपानांच्या नक्षीचं विकतचं प्लास्टिक स्टेन्सिल ठेवलं, दोन बाजूंना मास्किंग टेप लावला आणि गडद हिरवा ॲक्रिलिक ब्रशने भरला. रंग घट्ट वाटला म्हणून थोडं पाणीही घातलं होतं. उचलून पाहते तर कडेची पानं ठीक, मधली तीन फुगलेली, देठांचे ओघळ. एक पान तर असं झालंय की डावी कड सुरीने कापल्यासारखी आणि उजवी केसाळ, सुरवंटासारखी. एकाच पानात हा दुजाभाव का?

दुसरं. त्याच बोर्डावर 'थांब' हा शब्द हवा होता. मनासारखं देवनागरी स्टेन्सिल मिळेना, म्हणून ओएचपी शीटवर (पारदर्शक प्लास्टिकच्या पातळ शीटवर) स्वतः लिहून कटरने कापलं. थ झाला, काना झाला, अनुस्वार झाला. ब कापला आणि त्याचं पोटच खाली पडलं! आतली तिरकी रेघ ठेवायची कशाच्या आधाराने? मग नीट पाहिलं तर थच्या गाठीचंही तेच झालं होतं, फक्त तो तुकडा इतका बारीक की पडलेला कळला नाही.

तिसरं, वेगळ्या कागदावर. ३०० जीएसएमच्या म्हणजे जाड कागदावर मास्किंग फ्लुइडने (रंग लागू न देणाऱ्या, नंतर सोलून काढायच्या द्रवाने) गवताची पाती काढली, हेअर ड्रायरने वाळवली, वरून जलरंगाचा वॉश (पातळ हात) दिला. मग कागद तीन आठवडे तसाच राहिला. काल सोलायला घेतला तर फ्लुइडबरोबर कागदाचा पापुद्राही निघून आला. ब्रशची तर त्याच दिवशी वाट लागली होती, केसांचा रबरी गोळा झालाय.

बोर्ड टाकून देववत नाही. वाचेल का? आणि जाता जाता, स्टेन्सिल आणि मास्क एकच की वेगळे? लोक दोन्ही शब्द सरमिसळ वापरतात.

टिपकागद

दोन प्रश्न. ब्रश धुतल्यावर पुसून कोरडा केला होतात का? आणि फुगलेली पानं त्या फाटक्या कागदांच्या कडांवर आली आहेत का? डोळे मिटून बोट फिरवा आणि सांगा.

रंगारी_नवखी

ब्रश नुसता झटकला होता. आणि हो! तिन्ही पानं कागदाच्या कडांवरच आहेत. केसाळ कड आहे तिथे बोटाला चक्क पायरी लागते.

टिपकागद

मग चोर सापडला. तुमचं स्टेन्सिल त्या पायरीवर तंबूसारखं उभं राहिलं. बाहेरून टेप लावला तरी मध्ये ते अधांतरी होतं. अशा केसभर फटीत पातळ रंग आपणहून ओढला जातो, वातीत तेल चढतं तसा. पायरीच्या ज्या बाजूला प्लास्टिक टेकलं होतं तिथे कड स्वच्छ, जिथे टेकलं नाही तिथे सुरवंट. त्यात तुम्ही पाणी घातलंत आणि ब्रशमध्येही पाणी होतंच. ब्रश झटकला तरी पत्र्याच्या पट्टीच्या आत पाणी साठून राहतं आणि दाब दिला की हळूच खाली उतरतं. स्टेन्सिल बिचारं निर्दोष आहे.

ॲक्रिलिक घट्ट वाटतो तो तसाच हवा. मेकअपचा तिकोनी स्पंज घ्या, कोरडा. रंगात टेकवा आणि मग रद्दी कागदावर टिपत बसा, स्पंजात रंग उरलाच नाही असं वाटेपर्यंत. नवीन माणूस नेमका इथे घाई करतो. त्यानंतर सरळ वरून खाली टिपायचं, घासायचं नाही. घासलं की स्पंज कडेखाली रंग ढकलतो. पहिला हात फिका येईल, येऊ द्या. दोन मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. तीन फिके हात एका भरगच्च हातापेक्षा केव्हाही स्वच्छ येतात.

आणि पायरी काढा. पुढच्या वेळी कागद चिकटवल्यावर वरून जेल मीडियमचा (घट्ट, बिनरंगी ॲक्रिलिकचा) थर द्या, पूर्ण वाळला की बारीक पॉलिश पेपर फिरवा. किंवा सरळ क्रम बदला, आधी स्टेन्सिल, मग मोकळ्या जागी कोलाज.

डिंकाची बाटली

एवढा खटाटोप कशाला? पुन्हा उचलता येणारा स्प्रे गोंद मिळतो, तो स्टेन्सिलच्या मागे मारा, मिनिटभर थांबा, चिकटवा. कामच संपलं.

टिपकागद

सपाट जागेवर मान्य. पायरीवर गोंद काय करणार? शिवाय यांचा पातळ जेसो कागदावर बसलाय, गोंद ताजा असताना चिकटवलं तर जेसोसकट अक्षरं उपटून येतील. माझी आली आहेत.

डिंकाची बाटली

मिनिटभर थांबा म्हटलंय ना. बोटाला चिकटेल पण बोटावर येणार नाही, इतका वाळू द्यायचा. पण पायरीचा मुद्दा बरोबर, तिथे गोंद हरतो. खिडकी उघडी ठेवून मारा एवढं मात्र नक्की.

सपाट जागेवर एकदम करकरीत कड हवी असेल तर आणखी एक युक्ती. स्टेन्सिल बसवलं की आधी रंग न लावता मॅट मीडियम (बिनचमकीचं, बिनरंगी ॲक्रिलिक) टिपायचं. जे काही झिरपायचं ते मीडियमच झिरपतं, ते वाळून पारदर्शक होतं आणि फट बुजते. मग रंग. मास्किंग टेपने पट्टे काढतानाही हेच करते मी. फक्त मीडियमचा थर पातळ ठेवा, नाहीतर स्टेन्सिलच बोर्डाला चिकटून बसेल.

शाईफेक

वरचे दोघे कडक शिस्तीचे दिसतात. माझा अनुभव उलटा आहे. स्प्रे शाई वापरली तर ती झिरपणारच, तिला अडवायच्या नादी लागूच नका. फूटभर अंतरावरून एक-दोन फवारे मारा आणि स्टेन्सिल उचलून तसंच ओलं उलटं करून दुसऱ्या कागदावर दाबा. स्टेन्सिलवर साचलेली शाई तिथे उमटते, भोकांच्या जागा कोऱ्या राहतात. एका फवाऱ्यात दोन पानं. माझ्या जर्नलची निम्मी पार्श्वभूमी अशा उष्ट्या शाईचीच आहे.

एक सावधगिरी. डाय शाई वाळली तरी पाणी लागलं की पुन्हा जागी होते. वरून ब्रशने मॅट मीडियम फिरवलंत तर सगळं एकरंगी चिखल. ॲक्रिलिक शाई एकदा वाळली की हलत नाही. बाटलीवर काय लिहिलंय ते आधी वाचा, मी नंतर वाचलं होतं.

कातरवेळ

स्टेन्सिल म्हणजे भोक, मास्क म्हणजे झाकण. स्टेन्सिलमध्ये आकृतीच्या आत रंग जातो, मास्कमध्ये आकृती सोडून भोवती. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या गुहेत भिंतीवर हात टेकवून भोवती रंग उडवलेला आहे, त्यातल्या एका ठशाचं वय किमान ३९,९०० वर्षं असल्याचं २०१४ साली प्रसिद्ध झालं. तो हात म्हणजे मास्क. तुम्ही ओएचपी शीटमधून पान कापता तेव्हा उरलेली चौकट हे स्टेन्सिल आणि हातात आलेला तुकडा हा मास्क. तो तुकडा फेकू नका, तुमचा बोर्ड त्यानेच वाचणार आहे.

कसा ते सांगतो. फुगलेल्या पानाच्या मूळ आकाराचा मास्क कापा, पूर्ण वाळलेल्या पानावर बरोबर बसवा, मध्यभागी बोटाने दाबून धरा आणि भोवती पार्श्वभूमीचा रंग कोरड्या स्पंजने टिपा. तुमच्याकडे जेसोच आहे, म्हणजे रंग जुळवायचीही कटकट नाही. सुरवंटाचे केस झाकले जातात, पान जागेवर येतं. पायरीवरच्या पानांना ओएचपी शीट ताठ पडेल, तिथे साधा पातळ कागद कापून घ्या, तो पायरीवरून वळतो. मास्क किंचित सरकवून एका बाजूने राखाडी टिपलात तर पानाला सावलीही मिळते, पण हे आधी रद्दीवर करून बघा.

आता 'ब'. अक्षरातल्या बंद जागेला आधार नसतो, ती बेटासारखी असते. तिला चौकटीशी जोडणारा पूल ठेवावा लागतो. व, ब, ष, ठ ही सगळी पोटवाली मंडळी त्रास देतात, आणि शिरोरेषा दिली की प आणि घसुद्धा. बच्या पोटात तिरक्या रेघेमुळे दोन अर्धचंद्र होतात, म्हणजे दोन बेटं. प्रत्येकाला निदान दोन पूल द्या, साधारण दोन मिलिमीटर रुंद. एकाच पुलावर टांगलेलं बेट स्पंज लावताना दाराच्या पल्ल्यासारखं उघडतं आणि खाली रंग जातो. पूल कुठे द्यायचा तर बोरू उचलला गेला असता तिथे, म्हणजे गोलाई काण्याला मिळते त्या सांध्यात. तिथली फट डोळ्याला खटकत नाही. मधोमध दिलात तर अक्षराला भेग पडल्यासारखी दिसते. थच्या गाठीला पूल देऊ नका, ती भरीव राहू दे, नंतर बारीक ब्रशने पांढरा ठिपका ठेवा.

गंमत म्हणजे हाच शब्द मास्कने करायचा ठरवलात तर उलटं होतं. ब निमूट बसतो आणि अनुस्वार छळतो, कारण तो सुटा. चिमट्याने उचलून ठेवायचा आणि शिंक येऊ द्यायची नाही.

पूल मुळीच नको असतील तर जपानी कारागिरांकडे बघा. कापड रंगवायच्या काटागामी स्टेन्सिलसाठी ते तुतीच्या सालीचे कागद पर्सिमॉन या फळाच्या रसाने एकावर एक चिकटवायचे आणि सुट्या तुकड्यांना आधार म्हणून दोन थरांच्या मध्ये रेशमाचे धागे घालायचे. आपण शीटच्या मागे झिरझिरीत नायलॉन नेट चिकटवू शकतो, पाण्याने न सुटणाऱ्या गोंदाने, फक्त कडांना. मग पोटाचे तुकडे त्या जाळीवर हव्या त्या जागी बसवायचे. टिपलेला रंग जाळीतून आरपार जातो.

ओलाकागद

फ्लुइडचं मी सांगते. ते लॅटेक्स असतं. ड्रायरची गरम हवा लागली की ते कागदाच्या धाग्यांत घट्ट बसतं, आणि तीन आठवडे म्हणजे तर फारच झाले. आपोआप वाळू द्यायचं, वॉश पूर्ण वाळला की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी काढायचं. नखाने उचकटू नका. बोटाने किंवा क्रेप रबराने चोळत चोळत गोळी करायची आणि कागदाला समांतर ओढायची, वर नाही. कागद ओलसर असताना तर लावूही नका, काढूही नका. जीएसएम जास्त म्हणजे कागद टणक असं नसतं. वरचं सायझिंग (कागदाला दिलेली खळ) कमकुवत असेल तर ३०० जीएसएमही सोलतो. म्हणून आधी कोपऱ्यात एक ठिपका लावून बघायचा.

ब्रश आधी ओल्या साबणावर फिरवायचा, मग फ्लुइडमध्ये बुडवायचा, दर दोन-तीन मिनिटांनी धुवायचा. तेही जुनाच ब्रश. तुमचा आता गेला, पण त्याच्या दांडीच्या टोकाने गवताची पाती छान येतात, हे मी चिडून शोधून काढलंय.

शाईफेक

तो 'थांब' रंगाऐवजी पेस्टने करा की! मॉडेलिंग पेस्ट लोण्यासारखी घट्ट असते, लहानसहान पायरीला दाद देत नाही. पॅलेट नाइफ आडवा धरून एकाच दिशेने ओढायचा, जाडी स्टेन्सिलइतकीच. लगेच एका कोपऱ्यापासून स्टेन्सिल उचला, वाळायची वाट बघू नका, आणि उचललं की तडक पाण्यात टाका. हीट गन मात्र लांब ठेवा. वरची साय आधी धरते, आतलं बाष्प फोड आणतं, आणि स्टेन्सिल जवळ असेल तर ते पापडासारखं वळतं.

रंगारी_नवखी

चार दिवसांनी येतेय, प्रयोग करून. पानांची दुरुस्ती झाली! कागदी मास्क आणि जेसो, दोन पानं तर ओळखूही येत नाहीत. तिसऱ्याच्या वेळी मास्क हातातून सरकला आणि देठ कापला गेला, आता ते पान हवेत आहे. राहू दे.

स्पंजाचं मात्र खरं होतं. "रंग उरलाच नाही" असं वाटल्यावरही मी आणखी पाच वेळा टिपला, तरी पहिला ठसा गडदच आला. आजवर मी रंग लावतच नव्हते, ओतत होते.

'थांब' दोन रद्दी तुकड्यांवर करून पाहिला. पूलवाला पेस्टने फर्मास आला, सांध्यातली फट सांगितल्याशिवाय दिसत नाही. नेटवाला स्पंजाने सुरेख, पण पेस्टने केला तर अक्षरांवर जाळीचे चौकोन उमटले, भिंतीच्या ओल्या गिलाव्यावर गोणपाट टेकवल्यासारखे. बोर्डावर पूलवालाच घेणार. सोललेला कागद उलटा करून मागच्या बाजूला गवत काढलं, ब्रशच्या दांडीने. ओलाकागद, खरंच येतात हो!

आता एकच शंका. नेटवालं स्टेन्सिल धुवायचं कसं? जाळीत रंग अडकून बसलाय.

कातरवेळ

पसरट भांड्यात कोमट पाणी आणि साबण, त्यात दहा मिनिटं आडवं बुडवून ठेवा, मग मऊ ब्रशने जाळीच्या बाजूने टिपा. रंग पूर्ण वाळला असेल तर पाण्याने जाणार नाही, आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ पडतो, पण त्याने गोंदही सुटू शकतो, तेव्हा पोटाच्या तुकड्यांपासून जपून. आणि धारेखाली धरू नका.

रंगारी_नवखी

धारेखालीच धरलं होतं. एक अर्धचंद्र सिंकच्या जाळीवर सापडला, दुसरा शोधतेय.