कमी-जास्त दाबाच्या विजेवर आरटीएक्स ५०७० चालवायचे आहे. कोणता एसएमपीएस घ्यावा?

नमस्कार,

धाकट्या भावासाठी सुटे भाग आणून गेमिंगचा संगणक जोडत आहे. रायझन ५ ७६०० हा प्रोसेसर, आरटीएक्स ५०७० हे ग्राफिक्स कार्ड, ३२ जीबी रॅम आणि एक एनव्हीएमई एसएसडी एवढे ठरले आहे. एसएमपीएसचा (घरच्या विजेतून संगणकाच्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याचा) निर्णय मात्र होत नाही, आणि त्याला कारण आमच्याकडची वीज आहे.

आम्ही तासगाव तालुक्यात द्राक्षबागेला लागून असलेल्या वस्तीवर राहतो. शिवारातल्या मोटारी एकदम सुरू झाल्या की घरातला व्होल्टेज खाली बसतो आणि रात्री उशिरा मोटारी बंद झाल्या की तो वर चढतो. गेले पंधरा दिवस मी मल्टिमीटर लावून नोंदी ठेवल्या आहेत. दिवसा साधारण २१० व्होल्ट असतात, एकदा १७२ पर्यंत घसरलेले पाहिले आणि रात्री २५० च्या आसपास आकडा दिसतो. मागचा संगणक याच विजेवर गेला. त्यात कॅबिनेटसोबत मिळालेला एसएमपीएस होता. वर ४५० वॅट छापले होते, पण १२ व्होल्टच्या रकान्यात जेमतेम १६ अँपिअर, म्हणजे खरी ताकद १९२ वॅटच होती, हे मी तो जळाल्यानंतर वाचले. जाताना तो मदरबोर्ड आणि हार्ड डिस्कही घेऊन गेला. त्या डिस्कवर वडिलांचे शेवटच्या चार वर्षांतले फोटो होते आणि ते परत मिळाले नाहीत. म्हणून या वेळी हा भाग मी पूर्ण समजून घेऊनच विकत घेणार आहे.

माझा हिशेब असा आहे. ७६०० ची कागदावरची मर्यादा ६५ वॅट असली तरी तो ८८ वॅटपर्यंत वीज ओढतो, कार्डाचे २५० वॅट, आणि मदरबोर्ड, रॅम, पंखे, एसएसडी यांचे मिळून साठ-सत्तर धरले, तर बेरीज ४१० च्या आत राहते. एनव्हिडिया या कार्डासाठी ६५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. दुकानदाराने दोन पर्याय दिले आहेत. पहिला ६५० वॅटचा, ब्रॉन्झ दर्जाचा, जुन्या रचनेचा आहे आणि त्याच्या इनपुटवर २००-२४० व्होल्ट लिहिले आहे. दुसरा ७५० वॅटचा, गोल्ड दर्जाचा, एटीएक्स ३.१ या एसएमपीएसच्या नव्या मानकाप्रमाणे बनवलेला आणि १००-२४० व्होल्टवर चालणारा आहे. दोघांत सुमारे साडेतीन हजारांचा फरक आहे.

केवळ वॅट पाहिले तर पहिलाही पुरेल असे वाटते. परंतु माझ्या वाचनाप्रमाणे २३० व्होल्टच्या गटातल्या एसएमपीएसने १८० ते २६४ व्होल्टच्या दरम्यान चालावे एवढीच अपेक्षा असते, त्यामुळे २५० ची मला फारशी भीती वाटत नाही, मात्र १७२ ला पहिला पर्याय बंद पडेल किंवा ताणाखाली येईल, तर दुसऱ्याला तिथे भरपूर वाव राहील. हा तर्क बरोबर आहे का? गोल्डमुळे वाचणाऱ्या विजेपेक्षा मला हाच फरक मोलाचा वाटतो, कारण ब्रॉन्झ-गोल्ड हा शिक्का कार्यक्षमतेचा आहे आणि आतली संरक्षणे किती चांगली आहेत हे त्यावरून कळत नाही.

दुसरी शंका यूपीएसबद्दल आहे. १००० व्हीएचा, ६०० वॅटचा लाइन-इंटरॅक्टिव्ह (कमी-जास्त व्होल्टेज काही प्रमाणात स्वतः सावरणारा) यूपीएस बघितला आहे, पण बॅटरीवर तो शुद्ध साइन वेव्ह, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर, देत नाही. अॅक्टिव्ह पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारे सर्किट) असलेले एसएमपीएस अशा यूपीएसवर वीज जाताक्षणी कधी कधी बंद पडतात, असे ऐकून आहे. एटीएक्स ३.१ मध्ये वीज गेल्यावर एसएमपीएसने पूर्ण भारावर १२ मिलिसेकंद आणि ८० टक्के भारावर १७ मिलिसेकंद तग धरणे अपेक्षित आहे. आमचा भार तर साठ टक्क्यांच्याही खाली राहील. तेवढ्यात यूपीएस बॅटरीवर वळतो का, की शुद्ध साइन वेव्हचाच घ्यावा? कोणी प्रत्यक्ष अशी जोडी वापरत असेल तर कृपया यूपीएसच्या प्रकारासह अनुभव लिहावा.

पहिल्या पर्यायात ग्राफिक्स कार्डाला वीज देणारी १६ पिनांची केबल नाही, त्यामुळे कार्डासोबत येणारे अॅडॉप्टर वापरावे लागेल. दोन स्वतंत्र आठ-पिनी केबली लावल्या तर ते तितकेच सुरक्षित आहे का, हेही सांगावे.

घरचे अर्थिंग तपासले तेव्हा न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये १४ व्होल्ट दिसले, म्हणून कोळसा आणि मीठ घालून नवा खड्डा करायला वायरमनला सांगितले आहे. ते काम रविवारी होईल आणि सोमवारी मी सांगलीला खरेदीला जाणार आहे. पैसे मर्यादित आहेत, त्यामुळे साधा एसएमपीएस घेऊन उरलेले पैसे चांगल्या यूपीएसमध्ये घालावेत की एसएमपीएस उत्तम घेऊन यूपीएस दोन महिन्यांनी आणावा, यावर जाणकारांनी त्याआधी मत दिले तर फार मदत होईल.